अमेरिकेची पीडीएफ आणि मुंबईचा रोडमॅप

डॉक्टर, नमस्कार. माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. आम्ही लातूर जिल्ह्यातले. दिवाळीनंतर त्याला सारखा ताप यायचा, पाय दुखतात म्हणून रडायचा, अंगावर निळे डाग उठायचे. मुंबईच्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात तपासलं तर बी-सेल एएलएल, म्हणजे ब्लड कॅन्सर निघाला. पांढऱ्या पेशी ३८,००० होत्या. तिथे भारतातल्याच एका प्रोटोकॉलप्रमाणे, म्हणजे ठरलेल्या आराखड्याप्रमाणे, उपचार सुरू झाले आहेत, स्टिरॉइडचा पहिला आठवडा संपला. माझे दीर ह्यूस्टनला असतात. त्यांनी तिकडच्या प्रोटोकॉलची पीडीएफ पाठवली आणि विचारलं, ही औषधं का देत नाहीत, ब्लिनाटुमोमॅब का नाही? पुण्यात एका खासगी हॉस्पिटलात जर्मन बीएफएम प्रोटोकॉल देतात, ९०% यश मिळतं असं सांगतात, पण त्यासाठी शेत विकावं लागेल. सासूबाई म्हणतात, किमोचं औषध सदाफुलीचंच असतं ना, मग रोज पानं देऊ. स्वस्तातलं म्हणून आपण लेकराला हलकं औषध देतोय का, या विचाराने झोप लागत नाही. काय करू?
– एक आई, लातूर जिल्हा

प्रिय ताई,

आधी थेट उत्तर देते, कारणं मागाहून. सुरू झालेले उपचार सोडू नका. शेत विकू नका. सदाफुलीची पानं तर मुळीच देऊ नका. आणि स्वस्त म्हणजे हलकं, हा हिशेब तुमच्या मुलाच्या आजारात बहुतेक ठिकाणी चुकतो. एका ठिकाणी चुकत नाही, त्याबद्दल पुढे लिहिते.

उत्तर लांबणार आहे. दीर पुढची पीडीएफ पाठवतील तेव्हा ती तुम्हाला स्वतःला वाचता आली पाहिजे, म्हणून.

जर्मन, अमेरिकन, भारतीय अशी नावं ऐकली की वाटतं, औषधंच निराळी असणार. तुमच्या फाइलला जो रोडमॅप, म्हणजे कोणतं औषध कधी याचा तक्ता, लावलेला आहे तो दिरांच्या पीडीएफशेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे व्हिन्क्रिस्टीन दिसेल, स्टिरॉइड दिसेल, अ‍ॅस्परॅजिनेज, मेथोट्रेक्सेट, मर्कॅप्टोप्युरीन, सायक्लोफॉस्फामाइड, सायटाराबीन, आणि डॉनोरुबिसिन किंवा त्याच्या जातीचं लाल औषध. यातली बहुतेक औषधं १९७०च्या आधीची आहेत. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये १६ मुलांना अमिनोप्टेरिन दिल्याचं प्रसिद्ध केलं आणि त्यातल्या १० मुलांचा आजार काही काळ मागे हटला. ते औषध तयार झालं होतं येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखालच्या प्रयोगशाळेत. हे सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. म्हणजे 'तिकडचं' औषधसुद्धा अगदीच तिकडचं नव्हतं. आजचं मेथोट्रेक्सेट त्याच कुळातलं.

एकेकटं औषध दिलं की आजार काही महिन्यांत परत यायचा. अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये डोनाल्ड पिंकेल यांनी १९६२ पासून सगळी औषधं एकामागून एक टप्प्यांत गुंफायला सुरुवात केली आणि त्या दशकाच्या अखेरीस साधारण निम्मी मुलं बरी होऊ लागली. १९७० मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये हान्सयॉर्ग रीम यांनी आठ औषधांची जोरदार सुरुवात आणली, आणि पुढे त्याच दशकात काही महिन्यांनी तीच पुन्हा एकदा, अशी मांडणी केली. बर्लिन, फ्रँकफुर्ट, म्युन्स्टर या तीन गावांच्या आद्याक्षरांवरून तिला बीएफएम म्हणतात. आज ह्यूस्टन असो, लंडन असो की मुंबई, सगळ्यांच्या रोडमॅपमध्ये रीम यांचा तो सांगाडा आहे. तुमच्या मुलाचा पहिला आठवडा फक्त स्टिरॉइडवर गेला ना? ती बर्लिनचीच युक्ती. आठव्या दिवशी रक्तातल्या कॅन्सरच्या पेशी मायक्रोलिटरला १,००० च्या खाली आल्या तर आजार औषधाला दाद देतोय असं समजतात. म्हणजे पुण्यात जाऊन ज्या बीएफएमसाठी शेत विकायचं म्हणता, त्याचा मोठा भाग तुमच्या मुलाला मिळतोच आहे.

मग फरक कशात असतो? कोणत्या मुलाला कोणतं औषध किती, कितीदा आणि कोणत्या आठवड्यात, यात. हे फरक खरे आहेत, त्यांवर हजारो मुलांच्या चाचण्या झाल्या आहेत. त्यातल्या तीन सांगते, कारण त्या वाचल्या की 'सगळ्यात चांगला प्रोटोकॉल कोणता' हा प्रश्न आपोआप बदलतो.

पहिली गोष्ट स्टिरॉइडची. प्रेडनिसोलोन द्यायचं की डेक्सामेथासोन? डेक्सा जास्त जोरकस, मेंदूभोवतीच्या पाण्यातही चांगलं पोचतं. बीएफएमच्या लोकांनी इटलीच्या गटाबरोबर २००० साली सुरू केलेल्या चाचणीत साडेतीन हजारांहून जास्त मुलांमध्ये चिठ्ठी टाकून दोन्हींची तुलना केली. पाच वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण प्रेडनिसोनवर (प्रेडनिसोलोनचंच भावंड) १५.६%, डेक्सावर १०.८%. इथेच वाचन थांबवलं तर डेक्साच द्यावं असं वाटेल. पण पहिल्याच टप्प्यात, मुख्यतः जंतुसंसर्गाने, दगावणाऱ्या मुलांचं प्रमाण प्रेडनिसोनवर ०.९% होतं आणि डेक्सावर २.५%. पाच वर्षांनी जिवंत मुलं मोजली तर दोन्हीकडे ९०%च्या आसपास, फरक नाहीच. काही ठरावीक मुलांना डेक्साचा खरा फायदा झाला, विशेषतः टी-सेलचा, म्हणजे ल्युकेमियाच्या दुसऱ्या जातीचा, आजार असून सुरुवातीच्या स्टिरॉइडला चांगली दाद दिलेल्यांना. बाकीच्यांसाठी एका हाताने मिळालेलं दुसऱ्या हाताने गेलं. आणि हे जर्मनी-इटलीतल्या हॉस्पिटलांचं झालं. आपल्याकडे मुलं उशिरा पोचतात, वजन कमी असतं, पोटात आधीच हट्टी जंतू ठाण मांडून असतात. तिथला अडीच टक्क्यांचा आकडा इथे अडीचवर थांबेल असं धरून चालणारा डॉक्टर मला तरी धाडसी वाटतो.

दुसरी मेथोट्रेक्सेटची, माझी आवडती. अमेरिकेत दोन पद्धतींची तुलना झाली. एक मोठ्या डोसची: २४ तास सलाइनमधून भरपूर औषध, मग रक्तातली पातळी मोजत राहायची आणि उतारा म्हणून ल्युकोव्होरिन द्यायचं. दुसरी चढत्या डोसची: दर दहा दिवसांनी थोडं थोडं वाढवत, उताऱ्याशिवाय, जोडीला अ‍ॅस्परॅजिनेज. जास्त धोक्याच्या बी-सेल मुलांत मोठा डोस सरस ठरला. पाच वर्षांत कुठलंही विघ्न न येता राहिलेली मुलं ७९.६%, चढत्या डोसवर ७५.२%. त्याच संस्थेने तीच तुलना टी-सेलच्या मुलांत केली आणि निकाल उलटा लागला! चढता डोस ९१.५%, मोठा डोस ८५.३%. तेच डॉक्टर, तीच औषधं, नुसती ल्युकेमियाची जात बदलली. शिवाय चढत्या डोसवाल्यांना अ‍ॅस्परॅजिनेजही जास्त मिळालं होतं, त्यामुळे श्रेय नेमकं कोणाचं यावर तज्ज्ञ अजून वाद घालतात. उद्या कोणी तुम्हाला सांगितलं की अमुक हॉस्पिटल 'हाय डोस' देतं म्हणून ते पुढारलेलं, तर हे दोन आकडे आठवा. शिवाय मोठा डोस देऊन रक्तातली पातळी वेळेवर मोजली नाही तर मूत्रपिंडं धोक्यात येतात. ती सोय नसलेल्या ठिकाणी तो न देणं हा शहाणपणा आहे.

तिसरी, उपचार कमी करण्याची. ही समजायला एमआरडी म्हणजे काय ते माहीत हवं. पहिला महिना-सव्वा महिना संपला की बोन मॅरो पुन्हा तपासतात. दुर्बिणीखाली मॅरो स्वच्छ दिसतो, तरी दहा हजार पेशींमागे एखादी कॅन्सरची पेशी उरली आहे का, हे फ्लो सायटोमेट्रीने, म्हणजे एकेक पेशी तपासणाऱ्या यंत्राने, शोधतात. तुम्ही शेतकरी घरातल्या, लगेच समजेल: खुरपणी झालेलं रान वरून स्वच्छ दिसतं, पण मातीत हरळीची किती मुळं राहिली यावर पुढचं सगळं ठरतं. ही उरलेली मुळं मोजणं म्हणजे एमआरडी. आकडा ०.०१%च्या खाली हवा असतो. ब्रिटनच्या २००३ सालच्या चाचणीत ज्यांचा एमआरडी चांगला होता त्या मुलांना मधला जोरदार टप्पा दोनदा देण्याऐवजी एकदाच दिला. पाच वर्षांनी विघ्नाशिवाय राहिलेली मुलं एकदावाल्यांत ९४.४% आणि दोनदावाल्यांत ९५.५%, म्हणजे काही बिघडलं नाही. तेव्हापासून कितीतरी मुलांचा एक त्रासदायक टप्पा वाचला. बीएफएमवाल्यांनी वेगळ्या तऱ्हेने तोच टप्पा हलका करून पाहिला, तर त्यांच्याकडे आजार उलटण्याचं प्रमाण वाढलं. कमी करणं चांगलं की वाईट? कुठून किती कमी केलं आणि आधी काय काय दिलं होतं, यावर आहे. प्रोटोकॉलचा एक तुकडा उचलून दुसऱ्याला जोडता येत नाही, तो याचमुळे. दिरांना हे एवढं एक पटलं तरी माझं लिहिणं वसूल.

आता भारतीय प्रोटोकॉल म्हणजे काय ते सांगते, कारण तुमच्या मनातली खरी टोचणी तिथे आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्याकडे या आजारातून साधारण २०% मुलं वाचत. १९८४ पासून मुंबईचं टाटा मेमोरियल, चेन्नईची कॅन्सर इन्स्टिट्यूट आणि दिल्लीचं एम्स यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या इयन मॅग्राथ यांच्याबरोबर बसून एमसीपी-८४१ नावाचा प्रोटोकॉल आखला. इथल्या रक्तपेढ्या, इथली प्रतिजैविकं, इथल्या खाटा डोळ्यांसमोर ठेवून. चार वर्षं आजार न उलटता राहणाऱ्या मुलांचं प्रमाण ४५ ते ६०% वर गेलं. त्या काळातलं ते मोठं काम. आज तो जुना झाला. त्यात डोक्याला रेडिएशन असे, जे आता बहुतेक मुलांना टाळता येतं, पाठीतून दिलेल्या इंजेक्शनांवर भागतं. त्यानंतर मुंबई, दिल्ली, चंदीगड, कोलकाता आणि चेन्नईच्या पाच केंद्रांनी मिळून इसिकल हा गट केला आणि धोका पाहून उपचार ठरवणारी चाचणी घेतली. तिथे विचारलेला एक प्रश्न बघा: कमी धोक्याच्या लहान मुलांना सुरुवातीचं प्रेडनिसोलोन पाचऐवजी तीन आठवडे दिलं तर त्रास कमी होतो का? ह्यूस्टनला हा प्रश्न पडण्याची गरज फारशी नव्हती, आपल्याला होती. इथे पहिल्या महिन्यात आजारापेक्षा जंतुसंसर्ग जास्त भीतीचा असतो आणि स्टिरॉइड जितकं लांबेल तितकं शरीर उघडं पडतं. भारतीय प्रोटोकॉल हलका दिसतो तो पैसे वाचवायला नाही, ताई. मूल पहिल्या महिन्यातून जिवंत बाहेर यावं म्हणून.

कमी धोक्याच्या मुलांना सुरुवातीला लाल औषध न देता तीनच औषधं देणं हे अमेरिकेत आणि ब्रिटनमध्येही चालतं. दिरांच्या पीडीएफमध्ये 'स्टँडर्ड रिस्क' असं पान असेल, ते त्यांना उघडायला सांगा. वय एक ते दहाच्या आत आणि पांढऱ्या पेशी ५०,००० च्या खाली, ही त्याची पहिली चाळणी. तुमचा मुलगा पाच वर्षांचा, काउंट ३८,०००, म्हणजे ती तो पार करतो. पुढच्या दोन चाळण्या बाकी आहेत: गुणसूत्रांचा रिपोर्ट आणि एमआरडी. ईटीव्ही६-रनएक्स१ ही जोडणी निघाली किंवा गुणसूत्रं ५० हून जास्त निघाली तर चांगलं. बीसीआर-एबीएल ही दुसरी जोडणी निघाली तर इमॅटिनिबसारखी गोळी जोडावी लागते. हे दोन रिपोर्ट वेळेवर आणि नीट होणं, हे प्रोटोकॉलच्या नावापेक्षा कितीतरी जास्त महत्त्वाचं आहे.

ब्लिनाटुमोमॅबबद्दल तुमच्या दिरांचं चुकत नाही. हे किमो नव्हे, शरीराच्याच लढाऊ पेशींना कॅन्सरच्या पेशींवर सोडणारं औषध. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीचा निकाल आला. स्टँडर्ड रिस्कमधली जी मुलं मधल्या किंवा वरच्या धोक्याची ठरली होती, त्यांना किमोसोबत याची दोन आवर्तनं दिली. तीन वर्षांनी आजाराशिवाय असलेली मुलं ९६%, नुसत्या किमोवर ८७.९%. या आजारात इतकी मोठी उडी फार वर्षांत दिसली नव्हती. पण त्याच चाचणीत सगळ्यात कमी धोक्याच्या मुलांना ते दिलंच नव्हतं, त्यांचं किमोवरच उत्तम चाललं होतं. तुमचा मुलगा कोणत्या गटात पडेल ते आज कोणालाच सांगता येणार नाही, आणि हे औषध पहिल्या महिन्यात देतही नाहीत. एकेक आवर्तन २८ दिवसांचं, पंपावर, रात्रंदिवस चालू. खर्च लाखांत. तेव्हा प्रश्न बरोबर, वेळ चुकीची. एमआरडी हातात आला आणि तो चांगला नसला तर हाच प्रश्न तुम्हीच डॉक्टरांना विचारा, आणि लाजू नका.

पुण्याच्या ९०% बद्दल. मी त्या हॉस्पिटलला खोटं म्हणत नाही. पण टक्केवारी ऐकली की चार गोष्टी विचारायच्या. हे कोणाचे आकडे, तुमचे की जर्मनीचे? बहुतेक वेळा सांगणारा जर्मनीचे सांगत असतो. किती मुलांवरून? जिवंत असलेली मुलं मोजली की आजार न उलटलेली? आणि उपचार अर्धवट सोडून गावी गेलेली मुलं हिशेबात धरली का? शेवटचा प्रश्न विचारला की बऱ्याच ठिकाणी शांतता पसरते. सोडून गेलेल्यांना वगळलं की आकडा फुगतो. आणि आपल्याकडे मुलं सोडून जातात त्याचं मोठं कारण मध्येच पैसे संपणं. शेत विकून सुरू केलेले उपचार दहाव्या महिन्यात थांबले, तर तो जगातला सर्वोत्तम प्रोटोकॉल असला तरी त्याचा उपयोग नाही. एकूण अडीच वर्षांचा मामला आहे. पहिला महिना नव्हे, विसावा महिना परवडेल का, हे बघून ठरवायचं असतं.

सुरू झालेला प्रोटोकॉल मध्येच बदलण्याचं आणखी एक नुकसान आहे. आठव्या दिवसाचा काउंट, महिन्याअखेरचा एमआरडी, या आकड्यांचा अर्थ त्या त्या प्रोटोकॉलमध्ये तोवर काय दिलंय यावर बेतलेला असतो. गाडी बदलली की जुन्या मोजपट्ट्या निरुपयोगी. लाल औषधाचा आयुष्यभराचा एकूण डोसही हृदयासाठी मोजावा लागतो, आणि दोन हॉस्पिटलांच्या फाइलींमध्ये तो हरवलेला मी पाहिला आहे. दुसरं मत घ्यायचं तर जरूर घ्या, तो तुमचा हक्क आहे, डॉक्टर रागावणार नाहीत. पण फाइलची प्रत काढून घ्या, मुलाला हलवू नका.

आता ते एक ठिकाण, जिथे स्वस्त-महाग खरोखर बघावं लागतं. अ‍ॅस्परॅजिनेज. हे जंतूंपासून बनवलेलं एन्झाइम आहे आणि सगळ्या कंपन्यांच्या बाटलीत सारखीच ताकद असेल असं नसतं. 'कोणत्या कंपनीचं देता, आणि रक्तातली त्याची पातळी मोजता का?' असं डॉक्टरांना विचारा. काही केंद्रं मोजतात. औषध बाहेरून आणायला सांगितलं तर चिठ्ठीवरच्या नावाऐवजी दुकानदाराने दुसरं पुढे केलं, तर आधी वॉर्डात दाखवा, मग पैसे द्या. आणि ते बर्फाच्या पिशवीतून आणायचं असतं, दुपारच्या लोकलमध्ये नुसतं पर्समध्ये टाकून नाही.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांचं निम्मं बरोबर आहे. व्हिन्क्रिस्टीन खरोखरच सदाफुलीतून निघतं. पण पानांत ते इतकं अत्यल्प असतं की ढीगभर पानांतून चिमूटभर काढतात, आणि ते शिरेतूनच द्यावं लागतं. पानं चावून ते मिळत नाही. मिळतात ती बाकीची कडू द्रव्यं, जी यकृताला आणि आधीच खाली आलेल्या काउंटला त्रास देतात. वर कच्च्या पानांवरचे जंतू. सासूबाईंना नातवासाठी काही करायचंच असेल तर ताजा शिजवलेला वरणभात, उकळून गार केलेलं पाणी आणि भरवण्याआधी साबणाने धुतलेले हात, एवढं त्यांच्याकडे सोपवा. या महिन्यात त्याहून मोठं काम नाही. स्टिरॉइडमुळे तो रात्री दोनला उठून खायला मागेल, चिडेल, गाल फुगतील. ते औषध बोलतंय, मुलगा नाही.

पुढे वर्षभराहून जास्त काळ घरी गोळ्यांचा असेल: रोज मर्कॅप्टोप्युरीन, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट. मूल खेळायला लागलेलं असतं, केस आलेले असतात, आणि घरात सगळ्यांना वाटतं, झालं आता. नेमकं तिथे घसरतं. अमेरिकेत गोळ्यांच्या डबीच्या झाकणात चिप बसवून मोजलं, तर ज्यांच्या ५%हून जास्त गोळ्या चुकल्या त्यांच्यात आजार उलटण्याचा धोका दुपटीहून जास्त निघाला. महिन्यात दोन दिवस चुकले की ५% ओलांडलेच. ब्लिनाटुमोमॅब सोडलं तर, आजार उलटण्याबाबत प्रोटोकॉलांमध्ये मी सांगितलेले फरक याच्यापेक्षा लहान आहेत! दुधाबरोबर द्यायची की उपाशीपोटी, यावर पूर्वी फार कडक नियम होते. पुढे दिसलं की त्याने फरक पडत नाही, रोज ठरल्या वेळी पोटात जाणं महत्त्वाचं. काही मुलांचे काउंट थोड्या डोसनेही धाडकन खाली येतात. आपल्या भागात आढळणारा एनयूडीटी१५ जीनमधला बदल त्याचं एक कारण असतो. तेव्हा डॉक्टरांनी डोस कमी केला तर 'शेजारच्या मुलाला जास्त देतात' म्हणून घाबरू नका. आणि स्वतः कमी-जास्त करू नका.

पैशाचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला भेटून कागद आजच पुरे करा. मेडिकल सोशल वर्करला राहण्याबद्दल विचारा. सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्सची मुंबईत आणि खारघरला अशा कुटुंबांसाठी मोफत राहण्याची सोय आहे. मुलाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री-एसीचं तिकीट माफ, सोबत्याला त्यात ७५% सवलत, फॉर्म हॉस्पिटलात मिळतो. शेतावर कर्ज काढायची वेळ आलीच तरी ते राहण्या-खाण्यासाठी आणि घरच्यांच्या खाड्यासाठी लागेल, औषधाच्या नावासाठी नाही.

दिरांना नुसतं 'तुम्ही काळजी करू नका' असं कळवू नका, ते आणखी पीडीएफ पाठवतील. त्यांना काम द्या. गुणसूत्रांचा रिपोर्ट आणि एमआरडी आला की फोटो पाठवून सांगा, यावरून तुमच्या पीडीएफमध्ये कोणता गट निघतो ते बघा. तिथले डॉक्टर ओळखीचे असतील तर त्या रिपोर्टवर मत घ्या. आणि मोकळेपणाने सांगा की अडीच वर्षं दर महिन्याला मुंबईची एक फेरी आणि राहण्याचा खर्च उचललात तर ते ब्लिनाटुमोमॅबच्या एका बाटलीपेक्षा जास्त कामाचं आहे. एवढ्या लांबून काय करता येईल हे न सुचल्यामुळेच माणूस पीडीएफ पाठवतो.

या आठवड्यासाठी एकच नियम भिंतीवर लिहून ठेवा. काखेत थर्मामीटर लावून ताप १००.४ किंवा त्याहून जास्त दिसला, की क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही. रात्री तीन असोत की पाऊस असो, टॅक्सी करून सरळ इमर्जन्सीत जायचं आणि दारातच सांगायचं, 'ल्युकेमियाचं मूल आहे, किमो चालू आहे, ताप आहे.' पहिलं प्रतिजैविक तासाभरात शिरेतून जायला हवं. गुदद्वारातून थर्मामीटर, एनिमा, सपोझिटरी यांतलं काही नाही. थरथर कापतोय, हातपाय गार पडलेत, लघवी कमी झालीय, तर ताप नसला तरी जायचं. वॉर्डाचा फोन नंबर तुमच्या, ह्यांच्या आणि सासूबाईंच्या, तिघांच्याही मोबाइलमध्ये घालून ठेवा. घरात कोणाला कांजिण्या आल्या किंवा कोणी आलेल्याला भेटून आलं, तर तेही त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

एमआरडीचा रिपोर्ट हाती आला की मला पुन्हा लिहा. त्यावर आकडा आणि टक्क्याचं चिन्ह दोन्ही असतं, दोन्ही जसंच्या तसं उतरवा, शून्य एकही सोडू नका.